निजून पाहिलेलं घर

बाईजी अंगणात पालथ्या पडल्या होत्या. उजवा गाल जमिनीला, हात बाजूला पसरलेला, आणि वर चैतातलं भर दुपारचं ऊन. आधी फायरमनच्या बायकोनं पाहिलं आणि ती किंचाळली, "अरे कोई आओ, बाईजी गई!" लाइनीतल्या खोल्यांची दारं एकामागून एक उघडली. मी गिरणीतून जेवायला आलो होतो, तोंडातला घास तसाच ठेवून धावलो. आम्ही सगळे भोवती गोळा झालो, तेव्हा बाईजींनी डोळे न उघडता एक बोट तेवढं वर केलं.

चूप.

आम्ही चूप झालो. शेजारी चहाच्या पत्तीचं एक लाकडी खोकं होतं आणि त्यातून पाच जनावरं आमच्याकडे पाहत होती. उंदराहून बरीच मोठी, सशाहून लहान, शेपटी घरी विसरून आल्यासारखी.

"इथी नाही जमत," बाईजी उठत म्हणाल्या. लुगड्याची माती झटकली. "खालून भट्टीवानी वाफ येऊन राहिली. तुमी सारे उभे, तुमाले काय समजन?"

ही गोष्ट मी पुढे कितीतरी ठिकाणी सांगितली. लग्नाच्या पंगतीत, गिरणीच्या कचेरीत, गाडीत ओळख झालेल्या परक्या माणसाला. बाईजींच्या त्या बोटापर्यंत आलो की लोक हसतात, आणि मी तिथेच थांबतो. त्यापुढचं सांगायचं तर माझंही थोडं सांगावं लागतं. आता वय झालं, केस पिकले. अर्धी गोष्ट सांगून मिळवलेलं हसू पचत नाही.

गोंदियाला रुळांच्या पलीकडे, इंजिनांच्या शेडपासून जरा हटून, बाईजींची लाइन होती. एका ओळीत खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, पुढे ओसरी. मागच्या बाजूला सांदवाडी, म्हणजे परसदार: तिथे विहीर, गोठा आणि एक जुना कडुलिंब. नवरा रेल्वेचा ठेकेदार होता, तो गेला आणि खोल्या उरल्या. भाडेकरू बहुतेक रेल्वेचे, एखादा बिडीच्या कारखान्यातला, आणि धानाच्या गिरणीत काट्यावर पोती मोजणारा मी.

बाईजी ठेंगण्या आणि रुंद होत्या. त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा खरखरीत आणि काळपट होता. जमिनीला लावायचा गाल ठरलेला होता. खोली रिकामी झाली की नवा भाडेकरू ठेवण्याआधी त्या स्वतः तिच्यात एक रात्र नुसत्या भुईवर निजत. पावसाळ्यात वेगळी रात्र, उन्हाळ्यात वेगळी. सकाळी उठून त्या जे सांगत, ते एखाद्या वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं असे. "ह्या खोलीत दमेकरी नोको. कोपऱ्यातून शेडचा धूर येते." "इथी नवं जोडपं ठेवू नोका, भिंत पातळ हाये." एक टीसी बाबू इतका घोरायचा की कवेलू हलतात असं लोक म्हणत. त्याच्या भिंतीला लागून त्यांनी एक बहिरा झालेला पेन्शनीतला पॉइंटमन आणून ठेवला. दोघंही खूश. पॉइंटमन तर सांगत फिरायचा, "ऐसा शांत पड़ोसी ज़िंदगी में नहीं मिला."

साहेब लोकांच्या नव्या बंगल्याला त्या 'उभ्याचं घर' म्हणत. मी एकदा विचारलं, "म्हणजे काय जी?"

"पाहाले चांगलं," त्या म्हणाल्या. "उंच दरवाजे, उंच छत. पन मानूस रातभर आडवा असते. बिमार पडला त पुरा आडवा. आन् लेकरू त वरीसभर भुईवरच. मंग घर कोनाच्या नजरेनं बांधाव लागते?"

लेकरू म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वेळी मी मनात म्हटलं, बरं झालं.

आम्ही दोघं पहिल्यांदा त्यांच्याकडे खोली पाहायला गेलो तो दिवस सांगतो. दसरा होऊन गेला होता. बायको मागे पेटीजवळ उभी. बाईजींनी रस्त्याकडची पहिली खोली उघडली. मी दारातून मान आत घातली, वर पाहिलं, खिडकी पाहिली.

"चालते जी."

"काय चालते?"

"खोली."

"पाहाली?"

"पाहिली ना."

"उभ्यानं?" बाईजी म्हणाल्या. "घर उभ्यानं नाही पाहाव लागत, बाबू. निजून पाहा लागते. निज."

मी धुतलेलं धोतर नेसलो होतो. लाजत एक गुडघा टेकला, मग कोपर. अर्धवट तसाच राहिलो.

"काय आयकू आलं?"

"काही नाही जी."

"मंग तू निजलाच नाही." त्या माझ्या बायकोकडे वळल्या. "माय, तू पाह्य."

बायको आता उंबरठ्यावर येऊन बसली होती. तिनं मान हलवली. आत पाऊलही टाकलं नाही.

"काऊन वो?"

बाईजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बाबू, जा, हिरीवर पानी पिऊन ये." मी पाणी पिऊन, तोंड धुऊन, पुन्हा पाणी पिऊन परत आलो, तर दोघी ओसरीवर शेजारी बसलेल्या. बायकोचा पदर ओला होता. बाईजींनी पहिल्या खोलीला कुलूप घातलं.

"हे नाही. तुमी शेवटची घ्या."

शेवटची खोली एका ड्रायव्हरनं मागून ठेवली आहे हे मला आधीच कळलं होतं. मला वाटलं, म्हातारीची लहर. उलट माझा थोडा अपमानच झाला, कारण पहिली खोली गिरणीला जवळ पडली असती. पण बायको पेटी उचलून चालायलाही लागली होती.

आता जनावरांचं.

लढाईचे दिवस होते. मालगाड्यांना अंत नव्हता आणि रेल्वेचे लोक आज इथे तर उद्या तिथे. चौथ्या खोलीतल्या गार्डसाहेबाला एका सकाळी डोंगरगडला जायचा हुकूम आला. तिथे क्वार्टर मिळालं नव्हतं, एका बराकीत सोय होती. त्याच्याकडे हे पाच गिनीपिग होते, खडगपूरच्या कुणा सोयऱ्यानं दिलेले. एक नर, चार माद्या. त्यानं ते खोकं बाईजींच्या ओसरीवर ठेवलं.

"बाईजी, क्वार्टर मिलते ही ले जाऊँगा. इनको अकेला-अकेला मत रखना. न कूदते हैं, न चढ़ते हैं, न काटते हैं. बस गर्मी नहीं सहते. और नमी भी नहीं."

"गर्मी बी नाही, वल बी नाही," बाईजी म्हणाल्या. "मंग त मानूसच हाये."

गार्डसाहेब हसला आणि गेला. बाईजी हसल्या नाहीत. त्यांनी शब्द दिला होता आणि गोंदियाचा उन्हाळा डोक्यावर आला होता. वैशाखानंतर नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत कावळा उडता उडता खाली पडतो असं आमच्याकडे म्हणतात, आणि मी पडलेला पाहिला आहे. खोक्यातली पाच जनावरं आत्ताच पोट टेकून, धापा टाकत पडत होती. नवतप्याच्या आत त्यांना घर मिळालं नाही तर ती जाणार, हे सगळ्या लाइनीला दिसत होतं. बाईजी त्यांना पाहुणे म्हणायच्या. बाकीचे म्हणायचे, "बुढ़िया ने चूहे पाले हैं."

त्या रोज दुपारी, ऊन ऐन भरात असताना, एकेक जागा निजून पाहू लागल्या.

गोठा झाला. गायीच्या शेजारी त्या शेणात गाल टेकून पडल्या. थंड होता, पण ओला. कोंबड्यांचं खुराडं झालं. त्यात शिरता येईना म्हणून डोकं तेवढं आत घातलं आणि तिथूनच आवाज दिला, "खाली पट्ट्या हायेत! बारीक पाय, मधात अटकतीन!" बिडीच्या कारखान्यात तेंदूपत्त्याचं गोदाम होतं, तिथे जाऊन निजल्या. कामावरच्या बायांनी हातातली पानं बाजूला ठेवून ही गंमत पाहिली. त्या उठल्या तर शिंका आवरेनात. "धूळ हाये," म्हणाल्या. "त्याईचं नाक भुईपासून दोन बोटं वर असते. आपल्या नाकापर्यंत येत नाही थे धूळ त्याईच्या नाकात जाते."

मला ह्या सगळ्याचं हसू यायचं. आणि हसता हसता मी हळूहळू गप्पही होत गेलो. एखादं माणूस एखाद्या जागेकडे इतक्या खालून, इतक्या पूर्णपणे पाहू शकतं हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. देवळात पाहिलं नव्हतं, दवाखान्यात पाहिलं नव्हतं. पाहुण्यांना भीती वाटली की ते एकमेकांच्या अंगाखाली तोंड खुपसत. बाईजी तासभर खोक्याजवळ बसून तेच पाहत. कोण पुढे होतं, कोण मागे राहतं, कोण कुणाला अडवतं.

एकदा मीही अक्कल चालवली. आमच्या धानाच्या मुलुखात ढोली असते: बांबूची विणलेली, पुरुषभर उंच, शेणमातीनं लिंपलेली. तिच्यात धान राहतं आणि उंदीर शिरत नाही. मी म्हटलं, "बाईजी, ढोलीत ठेवा ना. उंदीर जिच्यात येऊ शकत नाही, तिच्यातून बाहेर तरी कसा जाईल?" माझ्या हुशारीवर मीच खूश. लाइनीतले दोघंतिघं मान डोलावू लागले. धान सांभाळणाऱ्या माणसाला हेच सुचणार.

बाईजींनी ढोली आडवी केली आणि तिच्या तोंडातून अर्ध्या आत सरकल्या. थोड्या वेळानं पाय हलू लागले. आम्ही ओढून काढल्या तर तोंड लाल, अंगभर घाम.

"ढोली धानासाठी असते, बाबू," त्या दम घेत म्हणाल्या. "धानाले सास नाही लागत. आन् हे उंची कायले? त्याईले का झेंडा लावाचा हाये? त्याईले रुंद पाहिजे. धावाले पाहिजे."

लाइन खो खो हसली. मीही हसलो. पण 'सास' हा शब्द माझ्या छातीत जाऊन बसला.

वैशाख अर्धा सरला तशा एका सकाळी बाईजी खोकं घेऊन आमच्या दारात आल्या. मागे एक बुरड होता, खांद्यावर बांबूच्या पट्ट्या.

"बाबू, पाहुने तुमच्या खोलीत राह्यतीन."

"आमच्याच खोलीत काऊन जी?" मी म्हणालो. "इतकी लाइन पडली आहे."

"तुमाले तरास नोको म्हनून त बाकी सारं धुंडलं. नाही भेटलं." त्यांनी हातानं दाखवलं. "हे पाह्य. तुमची पश्चिमेची भिंत गोठ्याले लागून हाये, उनाचा मार गोठा खाते. मांगं लिंबाची सावली. खाली मुरूम हाये, झडीतही जमीन कोरडी राह्यते. शेडचा धूर इथी येत नाही. साऱ्या लाइनीत चांगली खोली हेच."

"मग ती आम्हाला काऊन दिली? ड्रायव्हरनं मागितली होती ना?"

बाईजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. चुलीशी बसलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं.

"पाहुन्याईले जे पाहिजे तेच हिले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "कोरडी भुई."

त्या सकाळी मला कळलं, की मी विहिरीवर पाणी पीत होतो तेव्हा ओसरीवर काय बोलणं झालं होतं.

ते आता मला लिहायला हवं. बाईजींकडे येण्याआधी आम्ही गिरणीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आमच्या गिरणीत उसना, म्हणजे धान उकडून काढलेला, तांदूळ होई. धान भिजवण्याची टाकी आमच्या भिंतीमागेच होती आणि भुसा जाळणारी भट्टी पलीकडे. ती खोली मी जेवणाच्या सुट्टीत पाहिली. दारात उभा राहिलो, मान आत घातली, म्हणालो, चालते. पावसाळा लागला तशी बायको म्हणाली, "खालून वल येऊन राहिली जी. लेकराचं अंथरूण सकाळी थंडगार असते." मी पायानं जमीन चाचपली आणि म्हणालो, "मला तर नाही लागत." खरंच लागत नव्हती. मी उभा होतो. आमचा मुलगा आषाढात खोकू लागला आणि पोळ्याच्या आधी गेला. बायकोनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं जमिनीला पाठ टेकवणं सोडलं. नव्या खोलीतही ती खाटेवर निजे, बसे तर पाटावर. भुईवर ती पावलं ठेवायची, पाठ नाही. आणि त्या वैशाखात तिला पुन्हा दिवस गेले होते. बाळंतपण खाटेवर करायचं, लेकरू भुईला लावायचं नाही, असं ती एकदाच म्हणाली होती. लेकरू भुईला लावायचं नाही तर वाढवायचं कुठे, हे मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्कच कुठे होता?

बुरडानं बाईजींच्या सांगण्याप्रमाणे पश्चिमेच्या भिंतीशी एक रुंद, बुटकं आवार बांधलं. मांजरासाठी वरून जाळी. खाली कोवळं वाळलेलं गवत. धानाचं तनस, म्हणजे पेंढा, बाईजींनी गालावर घासून पाहिलं आणि 'टोचते' म्हणून परत पाठवलं. लपायला टोपल्या उपड्या ठेवल्या, आणि प्रत्येक टोपलीला दोन तोंडं कापायला लावली.

"दोन काऊन?" बुरडानं विचारलं. "एक काफी आहे बाईजी."

"थो मोठा नर दारात बसते. मंग कमजोर आत अडकते. ज्या घराले दुसरं दार नाही, त्यात कमजोर मरते." त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "खरं की नाही माय?" आणि बायको इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थोडीशी हसली.

जनावरांना तिचा लळा लागला. ती विळीवर भाजी चिरायला बसली की पाचही मान वर करून गार्डसारख्या शिट्ट्या मारत. रस्त्यावरून जाणारा एखादा रेल्वेवाला दचकून मागे पाही. एका सकाळी पाचाचे सात झाले. दोन पिल्लं, अंगावर केस, तोंडात दात, डोळे टक्क उघडे, दुपारपर्यंत आवारभर धावू लागली. बायको तोंडावर हात ठेवून पाहत राहिली.

"बाई गं, हे त डोळे उघडूनच आले!"

"पाहूनच येतेत," बाईजी म्हणाल्या. "त्याईले कोनी सांगू शकत नाही, की इथी चांगलं हाये."

पुढचं थोडक्यात सांगतो, म्हणजे काही राहायला नको. सगळी जगली. पावसाळ्यानंतर गार्डसाहेब परत आला, क्वार्टर मिळालं म्हणून. बाईजींनी विचारलं, "निजून पाहालं का?" तो म्हणाला, "नहीं बाईजी." "मंग जा. पाहून ये." सगळे हसले, पण तो गेला. पुढच्या फेरीला आला तो खाकी कोटाच्या खांद्याला मातीचा डाग घेऊन. "बाईजी, कोने में चींटी है," म्हणाला, "बाकी सूखा है." "आता ने," बाईजी म्हणाल्या. दोन पिल्लं त्यानं माझ्या बायकोला ठेवून दिली. आमची मुलगी त्याच खोलीत झाली, त्याच मुरमाच्या भुईवर रांगली. बाईजी काही वर्षांनी गेल्या. त्यांना भुईवर उतरवलं तेव्हा कुणीतरी त्यांचा चेहरा वर केला, आणि माझ्या बायकोनं पुढे होऊन तो उजव्या गालावर वळवला.

पण मला सांगायची आहे ती नवतप्यातली एक दुपार. त्या दिवशी उन्हामुळे गिरणी लवकर बंद झाली. मी घरी आलो तर दाराला ओला बारदाना लावलेला, आत अंधार. बाईजी आवाराजवळ जमिनीला गाल लावून पडल्या होत्या.

"ये बाबू," त्या हळूच म्हणाल्या. "निज."

ह्या वेळी मी निजलो. सगळा निजलो. गाल भुईला टेकला आणि आधी लागला तो गारवा, कोरडा, मडक्याच्या पोटासारखा. मग जमिनीतून एक मालगाडी आली, तिचा आवाज कानावर येण्याच्या कितीतरी आधी. भिंतीपलीकडे गायीनं पाय बदलला. जाळीमागे बारीक दात गवत कुरतडत होते. आणि ह्या सगळ्याच्या खाली एक लांब, सावकाश श्वास चालला होता. मला वाटलं बाईजींचा.

मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं. तोवर मी हे कुणाला बोललो नव्हतो.

"बाईजी," मी म्हणालो. "ती गिरणीची खोली मी उभ्यानं पाहिली होती. ती मला म्हणाली होती, ओल येते म्हणून. मी म्हणालो..."

बाईजींनी एक बोट वर केलं.

"चूप," त्या म्हणाल्या. "निजली हाये ते."

मी मान वळवली. आवाराच्या पलीकडे, खाली काही न अंथरता, माझी बायको कुशीवर झोपली होती. एक हात पोटावर, गाल भुईला.

मी चूप झालो. ते वाक्य तिथेच राहिलं होतं, ते आज इथे लिहून पुरं केलं.